ब्रह्मदेशाची रिकामी गादी



कार्ल्याचें चैत्यगृह तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. एकवीरेच्या दर्शनास जाणाऱ्याला तें चुकवितांच येत नाहीं. त्याच्या छताकडे मान वर करून पाहिलें म्हणजे दगडांत कोरलेल्या त्या प्रचंड दालनाला लांकडी कमानी बसविलेल्या दिसतात. बुद्धाच्या अनुयायांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बसविलेलें तें सागवान अद्याप टिकून आहे. पुढें हा धर्म मावळांतून नाहींसा झाला. परंतु बंगालच्या उपसागरापलीकडील ब्रह्मदेशांत तो आजही घरोघरीं नांदतो. आणि ज्या सागवानाच्या टिकाऊपणाची साक्ष कार्ल्याचें छत देतें, त्याच सागवानावरून त्या देशाच्या राजाचें राज्य गेलें. तें कसें गेलें व त्याच्या जागीं काय आलें, हें आपणांस पाहावयाचें आहे.

१८६३ सालीं मुंबईंत ‘बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ नांवाची एक इंग्रज कंपनी निघाली. वरच्या ब्रह्मदेशांतील जंगलें तोडण्याचा मक्ता तिनें तेथील राजाकडून घेतला होता. ओंडके नदींत सोडावयाचे, ते वाहत खालीं आले म्हणजे रंगूनला गोळा करावयाचे व तेथून जहाजांनीं देशोदेशीं पाठवावयाचे, असा तो व्यापार. आपल्याकडील सुतार ‘बर्मा टीक’ म्हणून ज्याची थोरवी अजून सांगतात, तें लांकूड हेंच. १८८५ सालीं मंडालेच्या दरबारानें कंपनीवर असा आरोप ठेवला कीं, तिनें नेलेल्या ओंडक्यांपैकीं पुष्कळांचा सारा भरलाच नाहीं. आणि २३ लाख रुपयांच्या घरांत जाणारा दंड तिला ठोठावला. दंड वाजवी कीं गैरवाजवी, ह्याचा निवाडा तसाच राहिला. कारण हिंदुस्थान सरकारनें त्या निमित्तानें निर्वाणीचा खलिता धाडला. निमित्त लांकडाचें होतें, हेतु दुसराच होता. फ्रेंचांचें वजन मंडालेस वाढूं नये व चीनकडे जाणारी व्यापाराची वाट आपल्या हातीं यावी, ही इंग्रजांची इच्छा होती. नोव्हेंबरच्या मध्यास फौजेच्या आगबोटी इरावती नदींतून वर निघाल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलें. २९ नोव्हेंबर रोजीं थिबा राजा व राणी सुपयालत यांस बैलगाडींत बसवून नदीकांठीं नेलें व तेथून आगबोटीवर चढविलें. ज्यांनीं त्यांस आजवर भर रस्त्यांत कधीं पाहिलें नव्हतें, तीं माणसें दुतर्फा उभीं राहून रडत होतीं, असें सांगतात. १ जानेवारी १८८६ रोजीं थिबाचा मुलुख ब्रिटिश राज्यास जोडल्याचा जाहीरनामा निघाला.

थिबा कांहीं रामराजा नव्हता. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीं, १८७९ सालीं, राजघराण्यांतील अनेक राजपुत्रांची व राजकन्यांची कत्तल झाली होती, आणि ती राजधानींतच झाली. तेव्हां त्याच्यासाठीं अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. परंतु इंग्रजांनीं केलें तें केवळ एका राजाला काढण्याचें काम नव्हे. आपल्याकडे त्यांनीं साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा केलें, पण कोल्हापूरची गादी राहूं दिली. आपल्या शेजारच्या भोर संस्थानाची गादी तर १९४८ सालीं विलीनीकरण होईपर्यंत होती. ब्रह्मदेशांत त्यांनीं दुसऱ्या कोणा राजपुत्रास गादीवर बसविलें नाहीं. राजा गेला, त्याची मंत्रिसभा गेली, आणि गांवोगांवच्या वतनदारांचा पिढीजात अधिकारही गेला. ज्या गोष्टींवर लोकांची निष्ठा बसलेली असते, त्या गोष्टीच उरल्या नाहींत. पुढें कित्येक वर्षें बंडें चालूं राहिलीं व तीं बंदुकीच्या जोरावर मोडलीं गेलीं. त्या देशांत आज जें लष्कर राज्य करतें, त्याचें बीज कोणी १९६२ सालांत शोधतात. मला तें ह्या रिकाम्या झालेल्या गादींत दिसतें.

थिबास प्रथम मद्रासेस व १८८६ च्या एप्रिल महिन्यांत रत्नागिरीस आणून ठेवलें. तेथें तो १९१६ सालीं वारला. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला ‘थिबा राजवाडा’ त्याच्यासाठीं बांधला गेला व १९१० च्या अखेरीस तो त्यांत राहावयास गेला. आतां दैवगति पाहा. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. १९०८ च्या जुलै महिन्यांत राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली व ती भोगण्यास त्यांना पाठविलें तें मंडालेस, थिबाच्याच किल्ल्याच्या तटाआंत असलेल्या तुरुंगांत. त्याच सालीं आपल्या तळेगांवास लोकांनीं पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाचा कांचकारखाना सुरू झाला. म्हणजे टिळकांनीं पुरस्कारिलेलें स्वदेशीचें काम येथें मावळांत उभें राहत होतें, आणि ते स्वतः तिकडे गजांआड होते. थिबा नव्या वाड्यांत गेला त्याच हिवाळ्यांत मंडालेच्या कोठडींत टिळक शिसपेन्सिलीनें ‘गीतारहस्य’ लिहीत होते. रत्नागिरीचा माणूस मंडालेस कैदी, मंडालेचा राजा रत्नागिरीस कैदी! जो सत्ताधीश असा खेळ मांडूं शकतो, त्याला दोन्ही देश सारखेच आपले व सारखेच परके.

ब्रह्मदेश पुढें हिंदुस्थानचाच एक प्रांत झाला व १ एप्रिल १९३७ पर्यंत तसा राहिला. ह्या काळांतील एक गोष्ट आपणांस बोलावयास जड जाते, पण ती बोलली पाहिजे. ब्रह्मी माणसाला इंग्रज अधिकारी वर्षांतून एखाद्या वेळीं दिसे. रोज दिसे तो हिंदी शिपाई, हिंदी कारकून, हिंदी सावकार व हिंदी हमाल. १९३१ च्या खानेसुमारींत रंगूनच्या वस्तींत निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते. आपल्याच राजधानींत आपण पाहुणे झालों, हें शल्य ब्रह्मी मनांत खोल रुतलें. १९४२ सालीं जपान्यांनीं रंगून घेतलें तेव्हां लाखों हिंदी लोक डोंगरांतून पायीं मायदेशीं निघाले व हजारों वाटेंत मेले. ब्रह्मी तांदूळ येणें बंद झालें आणि त्याची झळ सर्व देशास बसली. मुंबईस १९४३ सालीं शिधावांटप सुरू झालें. आपला मावळ भाताचा, म्हणून ही गोष्ट येथें लवकर समजावी. १९४४ च्या मार्च महिन्यांत जपानी फौजा ब्रह्मदेशांतून मणिपुरांत उतरल्या, तेव्हां सांगशाकच्या टेकडीवर त्यांस अडविणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियनही होती.

ह्याच युद्धांत ब्रह्मी लष्कर जन्मास आलें. आंग सान व त्याचे सोबती अशा तीस तरुणांनीं जपान्यांकडून लष्करी शिक्षण घेतलें, त्यांच्याबरोबर देशांत प्रवेश केला, आणि स्वातंत्र्याचें वचन पोकळ आहे असें दिसतांच २७ मार्च १९४५ रोजीं त्यांच्यावरच शस्त्र उपसलें. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या देशांत लोकसंघटना आधीं उभी राहिली आणि सैन्य लोकनियुक्त सरकारच्या आज्ञेंत आलें. ब्रह्मदेशांत सैन्य आधीं झालें आणि राज्य मागाहून. १९ जुलै १९४७ रोजीं आंग सान व त्याचे अनेक सहकारी मंत्री यांचा भर बैठकींत खून झाला. ४ जानेवारी १९४८ रोजीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां सर्वांस सांभाळून घेणारा माणूस नव्हता. करेण, शान, काचिन, चिन इत्यादि डोंगरी जातींस दिलेलीं वचनें अर्धवट राहिलीं व लढाया पेटल्या. पंतप्रधान ऊ नू सज्जन होते. १९४९ सालीं त्यांचें सरकार रंगूनपुरतेंच उरतें कीं काय अशी स्थिति आली, तेव्हां पंडित नेहरूंनीं त्यांस शस्त्रें पुरवून तारलें. परंतु घर सारखें शस्त्रानेंच राखावें लागलें म्हणजे शस्त्रधारी हळूहळू स्वतःसच घरधनी समजूं लागतो. २ मार्च १९६२ रोजीं सेनापति ने विन यानें सत्ता घेतली. तोही त्या तीस तरुणांपैकींच एक.

ने विनच्या अमदानींत दुकानें, गिरण्या, पेढ्या सर्व सरकारजमा झाल्या व सुमारें तीन लाख हिंदी लोक जवळजवळ रिकाम्या हातीं परतले. जगांत सर्वांत अधिक तांदूळ निर्यात करणारा देश कंगाल झाला. ह्या गृहस्थाचा नऊ ह्या आंकड्यावर भारी विश्वास होता. १९८७ सालीं त्यानें चालू नोटांपैकीं कांहीं एका रात्रींत रद्द केल्या आणि ४५ व ९० च्या नोटा काढल्या, कारण त्यांस नवानें भाग जातो! वाचतांना हसूं येतें, पण लोकांची आयुष्याची बचत त्यांत बुडाली. ८ ऑगस्ट १९८८ रोजीं विद्यार्थी रस्त्यावर आले व त्यांच्यामागें सारा देश आला. लष्करानें गोळ्या घातल्या. मग १९९० सालीं त्यानेंच निवडणूक घेतली. आंग सानची कन्या आंग सान सू ची त्या वेळीं स्थानबद्ध होती. तरीही तिच्या पक्षास ४८५ पैकीं ३९२ जागा मिळाल्या. लष्करानें सत्ता दिली नाहीं. पुढें २००८ ची राज्यघटना झाली. तींत संसदेच्या चौथ्या हिश्शाच्या जागा लष्करासाठींच राखून ठेवल्या होत्या. २०१५ व २०२० च्या निवडणुका सू चींच्या पक्षानें जिंकल्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे सेनापति मिन आंग ह्लाइंग यानें त्यांस पुन्हा अटक केली. २०२३ सालीं त्यांचा पक्षच विसर्जित केला गेला, व असा मार्ग मोकळा झाल्यावर २०२५ च्या डिसेंबरांत लष्करानें निवडणुकीचा देखावा मांडला. त्या काळांत देशाचा मोठा भाग बंडखोरांच्या हातीं होता.

आतां शेजाऱ्यांकडे वळूं. ह्या देशास पांच शेजारी आहेत. चीनला बंगालच्या उपसागराची वाट हवी. क्यौकप्यू बंदरापासून युनान प्रांतापर्यंत त्याच्या वायूच्या व तेलाच्या नळवाहिन्या गेल्या आहेत, आणि तो लष्कराशीं बोलतो तसाच सीमेवरील बंडखोरांशींही बोलतो. थायलंड वायू विकत घेतें व निर्वासितांच्या छावण्याही सांभाळतें. बांगलादेशावर २०१७ सालीं सात लाखांहून अधिक रोहिंग्यांचा भार येऊन पडला; आणि ह्या प्रकरणीं स्वतः सू ची यांनीं लष्कराची बाजू उचलून धरली, हें त्यांच्या कीर्तीला लागलेलें गालबोट नव्हे, मोठा डाग आहे. लाओसचें ह्यांत फारसें चालत नाहीं.

राहिला भारत. आपली सीमा १,६४३ किलोमीटर. १९८८ सालीं आपण उघडपणें विद्यार्थ्यांच्या बाजूस होतों व पुढें सू चींस नेहरू पुरस्कारही दिला. परंतु लवकरच दिल्लीच्या ध्यानांत आलें कीं, आपण तोंड फिरविलें तर तेथें चीन बसतो, आणि नागभूमि-मणिपुरांतील बंडखोरांस तिकडील जंगलांत आश्रय मिळतो. तेव्हांपासून आपण लष्कराशीं जुळवून घेतलें : सितवे बंदर बांधलें, २०२० सालीं ‘सिंधुवीर’ ही पाणबुडी दिली. (जहाजांच्या यंत्रांची विद्या शिकविणारी नौदलाची संस्था १९४५ पासून आपल्या लोणावळ्यास आहे, तेव्हां पाणबुडी देणें म्हणजे काय, हें येथील मुलांस निराळें सांगावयास नको.) मार्च २०२५ च्या भूकंपांत मंडाले उद्ध्वस्त झालें, तेव्हां भारतीय सैन्यानें तेथें रुग्णालय उभारलें, हेंही सांगितलें पाहिजे. २०१६ सालीं थिबाच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं, त्या वेळीं त्याचे वंशज रत्नागिरीस समाधीवर आले. त्यांच्यासोबत फुलें वाहण्यास आला होता सेनापति मिन आंग ह्लाइंग. गादी ज्याची गेली त्याला, ती चार वर्षांनीं बळकावणाऱ्यानें वाहिलेलीं तीं फुलें!

दिल्लीचें धोरण व्यवहाराचें आहे, आणि तें सर्वस्वीं चुकीचें आहे असें मी म्हणणार नाहीं. पण त्या धोरणाची कसोटी दिल्लींत नव्हे, मिझोराममध्यें लागली. २०२१ च्या मार्च महिन्यांत लष्कराच्या गोळीबारांतून वांचलेले चिन लोक सीमा ओलांडून मिझोराममध्यें येऊं लागले. केंद्र सरकारनें आज्ञा दिली कीं, त्यांस अडवावें व परत पाठवावें. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनीं पंतप्रधानांस पत्र लिहून कळविलें कीं, हे आमचे रक्ताचे भाऊबंद आहेत, त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरविणें आम्हांस शक्य नाहीं. आज्ञा कागदावर राहिली. चिन व मिझो यांची बोली जवळची, देवळें एकाच पंथाचीं, आडनांवेंही पुष्कळदां सारखीं. मध्यें आहे ती तिआउ नांवाची एक लहानशी नदी. तीस हजारांहून अधिक लोक ती ओलांडून आले. मिझो गांवांनीं त्यांस जागा दिल्या, मंडळ्यांनीं तांदूळ जमविला, आणि त्याच वर्षीं मिझोरामच्या शिक्षणखात्यानें सूचना काढली कीं, ह्या मुलांस शाळांतून दाखल करून घ्यावें. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्रानें सीमेवरील मुक्त संचार बंद करून कुंपण घालण्याचें ठरविलें. त्याच महिन्याच्या अखेरीस मिझोरामच्या विधानसभेनें त्या निर्णयाविरुद्ध ठराव केला.