थंड इंजिनाचें निदान

इंजिन बिघडलें म्हणजे एकामागून एक सुटे भाग बदलण्याची घाई कित्येकजण करितात. परंतु सुज्ञ वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. इंजिनाचीहि तीच गोष्ट होय. असेंच एक दुखणें आम्ही विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहों.

उदाहरणादाखल, अमेरिकेंत १९९५ पर्यंत विकल्या जाणाऱ्या टोयोटाच्या लहान ट्रकांतील २,३६६ घन सेंटिमीटरचें '२२ आर-ई' इंजिन घेऊं. यांत कार्ब्युरेटर नाहीं. संगणकाच्या आज्ञेनें इंजेक्टर पेट्रोल फवारितात. असा ट्रक सकाळीं मोठ्या कष्टानें सुरू होतो, काळा धूर ओकतो, आणि तापल्यावर मात्र सुरळीत चालतो. प्लग काढून पाहिल्यास त्यांवर कोरडी काळी काजळी आढळते. अर्थात् पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे.

मग दोष थंडींतच कां दिसावा? पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास वजनानें सुमारें १४.७ पट हवा लागते. थंड धातूवर पेट्रोलाची वाफ नीट होत नाहीं, म्हणून प्रारंभीं तें मुद्दाम अधिक द्यावें लागतें. धुराच्या नळींतील ऑक्सिजन-सेन्सर ही मात्रा तपासतो खरा. पण सुमारें ३०० अंश सेंटिग्रेड तापल्यावांचून तो काम करीत नाहीं. तोंवर संगणक इंजिनाच्या पाण्यांतील उष्णता-सेन्सरावर विसंबतो.

आतां धूर किती वेळ टिकतो, हें पाहावें. इंजिन तापेपर्यंत कित्येक मिनिटें टिकल्यास उष्णता-सेन्सराचा संशय प्रथम घ्यावा. त्याचा विद्युत्‌रोध २० अंशांवर २,००० ते ३,००० ओहम, व ८० अंशांवर २०० ते ४०० ओहम असावा. थंडी जितकी अधिक तितका रोध अधिक. म्हणून तार तुटल्यास संगणकास कडाक्याची थंडी भासते व तो पेट्रोल ओततच राहतो.

उलट, धूर थोड्याच क्षणांत निवळला, तर उभ्या ट्रकांत पेट्रोल ठिबकत असावें. या इंजिनास केवळ थंड प्रारंभासाठीं एक निराळा इंजेक्टर आहे. त्याची विजेची जोडणी सोडूनहि धूर येत राहिला, तर तो काढून दाबाखालीं तपासावा. मिनिटास एका थेंबाहून अधिक गळती नसावी. दाब-नियामकाच्या निर्वात नळींत पेट्रोल आढळल्यास त्याचा पडदा फाटला असें समजावें. शेवटीं मुख्य चार इंजेक्टर तपासावेत. पेट्रोलाची वाफ झटकन् पेट घेते. म्हणून ही परीक्षा अनुभवी मिस्त्रीच्या देखत, आगीपासून दूर करावी.

या दुखण्याकडे दुर्लक्ष करणें महागांत पडतें. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन टाकतें व इंजिन झिजतें. त्याहूनहि भयंकर म्हणजे अशा धुरांत कार्बन मोनॉक्साइड फार असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद जागेंत तो प्राण घेतो. म्हणून दार लावलेल्या गॅरेजमध्यें इंजिन कधींहि चालू ठेवूं नये, ही सूचना पालकांनींहि ध्यानीं धरावी.

प्रत्येक परीक्षेनें एकेक शंका फिटत जाते व अखेर खरा दोष उरतो. आधीं निदान, मग औषध. हा धडा कारखान्याप्रमाणेंच अभ्यासांतहि उपयोगी पडेल.