लिंक तुझी, फाइल कॉलेजची

चि. भाचेबाई,


कॉलेजची ती ईमेल तू मला पाठवलीस आणि वर एकच ओळ लिहिलीस, ‘मामा, टेन्शन नाही, फोनवर सगळं उघडतंय.’ त्या ओळीनेच मला टेन्शन आलं. फोनवर बोललो असतो तर ‘हो हो, करते’ म्हणून तू विषय संपवला असतास, म्हणून पत्र लिहितोय. कागद शेजारी ठेवून कर.

उत्तीर्ण झालेल्यांची अकाउंट्स महिनाअखेरीस बंद होणार, यात कॉलेजचा दुष्टपणा नाही. गूगल शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद जागा देत असे. २०२२ पासून साध्या शैक्षणिक योजनेत अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आली. इतक्या मुलांचे प्रोजेक्ट, गॅदरिंगचे व्हिडिओ, नॅकसाठी स्कॅन केलेले गठ्ठे असल्यावर संस्था आधी बाहेर पडलेल्यांचीच जागा मोकळी करणार. आपण आपल्या पेट्या दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवल्या होत्या, घरमालकाने त्या उचलायला सांगितल्या, इतकंच.

तू म्हणशील, मी सगळं फोल्डर माझ्या घरच्या जीमेलला शेअर करून ठेवलंय. हाच तो गैरसमज. शेअर केल्याने तुला फक्त आत डोकावायची परवानगी मिळाली, फाइलचा मालक कॉलेजचंच अकाउंट राहिलं. ते अकाउंट आणि त्यातल्या फाइली पुसल्या गेल्या, की घरच्या जीमेलमधलं ‘शेअर्ड विथ मी’ रिकामं होईल. ‘अॅड शॉर्टकट’ केलं असशील तर तोही नुसता बाण आहे, बाणाच्या टोकाला काही उरणार नाही. मालकी बदलून घ्यावी म्हणशील तर संस्थेच्या अकाउंटवरून खाजगी जीमेलवर ती तशी हलवता येत नाही. ‘मेक अ कॉपी’ केलंस तर मात्र नवी प्रत होते. ती खरोखर तुझी, पण ती तुझ्या १५ जीबीत मोजली जाते, आणि त्या १५ जीबीत तुझी ईमेल आणि फोटोही आलेच.

आता तुझा माल किती आहे ते बघू. भोरकडच्या गावांत जाऊन तू जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्यास, त्या वाव फाइलीत आहेत. सीडीच्या दर्जाचं स्टीरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण साडेदहा एमबी खातं, म्हणजे तासाला सहाशेहून जास्त. तुझ्याकडे तीसेक तासांचं असेल तर एकोणीस जीबी झाले, वर व्हिडिओ वेगळे. म्हणजे घरच्या जीमेलमध्ये ते मावणारच नाही. वाव फाइली एमपीथ्री करून बसव, असं तुला कोणी सांगेल. ऐकवायला तशा प्रती जरूर कर, पण मूळ वाव राहिलीच पाहिजे, कारण एमपीथ्रीत आवाजाचा जो भाग कापला जातो तो परत येत नाही.

आणि वेळेचाही हिशेब आधीच कर. नेटवाले २० एमबीपीएस म्हणतात ते मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठने भागायचं. म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, आणि १९ जीबीला दोन तासांच्या वर. तेही लाइन पूर्ण चालली तर. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हे काम बसत नाही.

आता तुझ्या त्या ‘फोनवर उघडतंय’कडे येतो. ड्राइव्हच्या अॅपमध्ये फाइलवर बोट ठेवलंस आणि आवाज सुरू झाला, तर तो आवाज सर्व्हरवरून येतोय, फोनमध्ये काही उतरलेलं नाही. दुसरा पर्याय दिसतो ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’. हा जास्त फसवा, कारण नेट बंद करूनही फाइल वाजते. पण ती अॅपच्या पोटात असते. फोनच्या फाइल्समध्ये शोध, सापडणार नाही, आणि कॉलेजचं अकाउंट फोनवरून निघालं की तीही जाते. खरं उतरवणं म्हणजे फाइलच्या शेजारची तीन टिंबं दाबून ‘डाऊनलोड’. मग ती फोनच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये पडते आणि अॅप काढून टाकलं तरी राहते.

तुझ्या ताईच्या आयफोनवर आणखी एक वळण आहे. तिथे तीन टिंबांतून ‘ओपन इन’ आणि मग ‘सेव्ह टू फाइल्स’ करावं लागतं. त्यावर फोन विचारतो, कुठे ठेवू? ‘आयक्लाउड ड्राइव्ह’ निवडलंस तर फाइल एका ढगातून निघून दुसऱ्या ढगात गेली, आणि तिथे फुकटची जागा फक्त ५ जीबी. ‘ऑन माय आयफोन’ निवडलंस तरच ती हातात आली. पण मुळात इतका पसारा फोनवर उतरवायच्या फंदात पडूच नकोस. फोनवर चार महत्त्वाची कागदपत्रं घे, बाकी सगळं लॅपटॉपवर.

लॅपटॉपवर ब्राउझरमधून फोल्डरवर राइट क्लिक करून डाऊनलोड म्हटलंस, की गूगल त्याचं झिप बांधतं. फोल्डर मोठं असेल तर एकच झिप येत नाही, साधारण दोन-दोन जीबीचे तुकडे येतात. ब्राउझर एकदा विचारतो, ही साइट अनेक फाइली उतरवू पाहतेय, परवानगी देऊ का? घाईत ‘ब्लॉक’ दाबलं तर पहिला तुकडा येतो, बाकीचे येतच नाहीत, आणि आपण समजतो झालं. कधी एखादी मोठी फाइल झिपमध्ये न शिरता सुटीच उतरते आणि तिच्या नावामागे आकडा चिकटतो. ती डाऊनलोड्समध्ये बेवारस पडून राहते, तिच्यावर नजर ठेव. सगळे तुकडे एकाच जागी उघड, म्हणजे आतली फोल्डरं आपोआप एकत्र होतात. ही जागा डी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर ठेव, कारण विंडोजला फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की अजूनही बऱ्याच ठिकाणी अडचण होते. गाव, वाडी, बाईंचं नाव, ओवीचा विषय, तारीख अशी तुझी एकात एक फोल्डरं. ती डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर’च्या आत उघडशील तर अर्धी उघडून बाकीची नाकारली जातील. आणि झिप नुसती डबल क्लिक करून आतली फाइल वाजली म्हणून थांबू नकोस, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ कर.

प्रबंधाचा मसुदा गूगल डॉक्समध्ये आहे. ती फाइल नसतेच, सर्व्हरवरची नोंद असते. उतरवताना तिचं वर्डमध्ये रूपांतर होतं. सरांनी समासात केलेल्या सूचना हव्या असतील तर वर्डच घे, पीडीएफमध्ये त्या येत नाहीत. पीडीएफ वेगळी घे, दाखवायला.

तुझ्या मैत्रिणीने सुचवलेलं ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ मला या कामासाठी नको वाटतं. ते बसवलं की लॅपटॉपवर नवा ड्राइव्ह दिसतो, त्यात तुझी सगळी फोल्डरं ओळीने उभी, जणू आपल्याच डिस्कवर. ‘स्ट्रीम’ निवडलेलं असेल तर ती नुसती नावं आहेत, फाइल मागितल्यावर वरून येते. ‘मिरर’ निवडलं तर खरी उतरते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये हेच चिन्हांनी दाखवतात. निळा ढग म्हणजे फाइल वरच आहे, हिरवी बरोबरची खूण म्हणजे खाली आली आहे. पण दोन्हीकडे एक धोका सारखाच. हे फोल्डर आणि ढगातलं फोल्डर एकमेकांना जोडलेलं असतं. लॅपटॉपवर जागा करायला म्हणून इथलं पुसलंस तर तिथलंही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस असतं खरं, पण तुझं अकाउंटच त्याआधी जाणार आहे. म्हणून सिंक नको, उतरवून घेणं हवं. जोडलेली प्रत ही प्रत मोजायचीच नाही.

गूगल टेकआउट नावाची सोय आहे, तीही करून बघ. अख्ख्या अकाउंटचा गठ्ठा बांधून देते, ईमेलसकट. पन्नास जीबीपर्यंतचे तुकडे निवडता येतात, पण तू लहान निवड, एखादा तुकडा अडकला तर तेवढाच पुन्हा घेता येतो. गठ्ठा तयार झाल्यावर आलेली लिंक आठवडाभरच चालते. कॉलेजने ही सोय बंद ठेवलेली असेल तर कार्यालयात विचार, पण त्याची वाट बघत बसू नकोस.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून हे करणार असशील तर मला ते आवडणार नाही, आणि कारण फक्त व्हायरसचं नाही. ‘इनकॉग्निटो’ने ब्राउझरचा इतिहास पुसला जातो, उतरवलेली फाइल पुसली जात नाही, ती त्या मशीनच्या डाऊनलोड्समध्ये पुढच्या गिऱ्हाइकासाठी तशीच असते. तुझ्या फोल्डरांत त्या बायकांची नावं आहेत, फोन नंबर आहेत, संमतीपत्रांवरच्या सह्या आणि अंगठे आहेत. कोणी सासूबद्दल गायली आहे, कोणी दारुड्या नवऱ्याबद्दल. त्या तुझ्यावर विश्वास ठेवून गायल्या, कॅफेवाल्यावर नाही.

पेनड्राइव्हही जुना वापरू नकोस. जुने बहुतेक एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी. तुझा दळणाचा लांब व्हिडिओ तिथेच अडेल. एक्सएफएटी केलेली एक टीबीची हार्डडिस्क घे. पैसे मी देतो, हे एमएचं बक्षीस समज.

उतरवून झालं की पडताळणी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि लोक नेमका हाच सोडतात. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘सीआरडाऊनलोड’ दिसलं तर ती अर्धवट आहे. ड्राइव्हवर फाइलचा आकार बघ, डिस्कवर बघ, जुळतो का. फाइलींची संख्या फोल्डरागणिक ताडून बघ. आणि प्रत्येक रेकॉर्डिंग सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडं थोडं ऐक. तुटलेली फाइल बरेचदा सुरुवातीला छान वाजते.

ड्राइव्हवर प्रत्येक फाइलच्या ‘डिस्क्रिप्शन’मध्ये तू मेहनतीने लिहिलंयस, कोण गायलं, माहेर कुठलं, दळताना की नुसती बसून. ते उतरत नाही. फाइल येते, वर्णन तिथेच राहतं. सुटी फाइल उतरवलीस तर तिच्यावरची तारीखही आजची पडते, रेकॉर्डिंगची नाही. म्हणून उतरवण्याआधी एका एक्सेल शीटमध्ये हे सगळं लिहून काढ, फाइलच्या नावासमोर. गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या बऱ्याच आज ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्या संग्रहाची किंमत केवळ संख्येत नाही. गाणारीचं नाव आणि गाव ओवीबरोबर टिकलं, म्हणून तो संग्रह कामाचा. नुसत्या क्रमांकाच्या वाव फाइली आणखी दहा वर्षांनी तुलाच ओळखू येणार नाहीत.

गुणपत्रिका आणि पदवीचं स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवलंयस, त्याची फार काळजी नको. ती डिजिलॉकरमध्ये ‘इश्यूड’ म्हणून मिळाली तर २०१६च्या नियमांनुसार मूळ कागदाइतकीच ग्राह्य. आपण स्वतः चढवलेल्या ‘अपलोडेड’ला तो मान नाही, हे लक्षात ठेव.

तर असं कर. आजच कॉलेजच्या कार्यालयाला मेल लिहून बंद होण्याची नेमकी तारीख लेखी माग, आणि शक्य असेल तर महिनाभर मुदत. शीट उद्यापासून भरायला लाग. शनिवारी लॅपटॉप आणि चार्जर घेऊन आमच्याकडे ये, इथे वायफाय आहे आणि मामीने तुझ्यासाठी पुरणपोळीचा बेत केलाय. रात्रभर उतरवू. लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग आधी करायची. रविवारी पडताळणी, आणि दुसरी प्रत माझ्या डिस्कवर. ती मी माझ्या कपाटात ठेवीन, तुझ्या घरी नाही. दोन्ही प्रती एका छताखाली असून उपयोग नसतो.

आणि ज्या बायकांनी आपल्या ओव्यांची प्रत मागितली होती, त्यांची यादी बरोबर आण. त्यांना लिंक पाठवू नकोस. मेमरी कार्डवर भरून, पुढच्या फेरीत हातात दे.

तुझा,
मामा