तीन प्रश्न आणि अठ्ठेचाळीस आकडे



'आईचे माहेरचे आडनाव काय?', 'तुमची पहिली शाळा कोणती?' पासवर्ड विसरला तर संगणक असे प्रश्न विचारतो आणि उत्तरे जुळली की नवा पासवर्ड घालू देतो. विंडोज १० मध्ये २०१८ पासून लोकल खात्यासाठी असे तीन प्रश्न ठेवण्याची सोय आहे. परंतु या उत्तरांनी उघडते ते फक्त खाते.

एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवरील सारा मजकूर गणिती किल्लीने असा बदलून ठेवणे की किल्लीशिवाय तो वाचताच येऊ नये. विंडोजमध्ये हे काम बिटलॉकर करते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, नवा संगणक मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की बहुधा हे आपोआपच चालू होते; घरात कोणाला पत्ताही नसतो. रोज आतील एक चिप मुकाट्याने डिस्क उघडून देते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. तिथे आईचे माहेर कोणी विचारत नाही! की नसेल तर फोटो, प्रोजेक्ट, हिशेब सारे गेले. दुरुस्तीवाल्याचाही इलाज नाही.

मॅकवर एक वेगळी पद्धत होती. २०११ च्या लायन आवृत्तीत फाइलव्हॉल्टची किल्ली ॲपलकडे ठेवता येई व ती तीन प्रश्नांच्या उत्तरांनीच कुलूपबंद होई. उत्तर अक्षरशः जुळले नाही तर ॲपलचाही नाइलाज. आता विचार करा, आजीचे नाव लक्ष्मी. रोमन लिपीत ते 'एक्स' घालून लिहिले होते की 'के-एस-एच' घालून? पाच वर्षांनी कोणाला आठवणार?

आणि जे आठवते ते इतरांनाही ठाऊक असते. २००८ मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने असेच उघडले. जन्मतारीख, पिनकोड आणि पतीशी भेट कुठे झाली, ही उत्तरे त्याने इंटरनेटवरच शोधली. गूगलच्या २०१५ च्या अभ्यासात, इंग्रजी बोलणाऱ्यांचा आवडता पदार्थ पहिल्याच अंदाजात सुमारे २० टक्के वेळा ओळखता येतो असे दिसले. आमच्या इंदूरात तर पोहे म्हटले की काम झाले! माहेरचे आडनावही आपल्याकडे लग्नपत्रिकेत छापलेलेच असते. म्हणून उत्तर खरेच द्यावे असे मुळीच नाही. आवडता पदार्थ 'निळी सायकल' लिहावा आणि वहीत नोंदवून ठेवावा. संगणक खरे-खोटे तपासत नाही, फक्त जुळवतो.

गणिताच्या मुलांसाठी एक गंमत. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५ भागिले ११ म्हणजे १२३४५. गटातील एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले तर भाग जात नाही. की कागदावर उतरवली की आठही गट असे तपासून पाहा.

की मिळवण्यासाठी स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधावे व तेथून ती छापून घ्यावी. ज्या संगणकात हा पर्याय नाही, त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन पाहावे. तो कागद गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये, घरच्या कपाटात ठेवावा. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको, कारण बॅग चोरीला गेली तर दोन्ही एकदमच जातील.