पैसे वयाला नको, हातकामाला दे

जळगाव

चि. नीलेश,

धुळ्यात एका जुन्या वाड्याच्या सामानात संगमरवरी व्हीनस विकायला निघाली आहे, आणि विकणारा तिला 'दोनशे वर्षांची इटालियन' म्हणतो, हे ताईकडून कळलं. तुझी ओढ मला समजते. तरी पैसे वयाला देऊ नकोस, हातकामाला दे.

'नक्कलच ती' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नकोस. ग्रीकांची बहुतेक ब्राँझ शिल्पं धातूच्या लोभाने वितळवली गेली. त्यांतली कितीतरी आज ठाऊक आहेत ती रोमनांनी केलेल्या संगमरवरी प्रतींमुळे. ब्राँझ दोन पायांवर उभं राहतं, दगड मात्र घोट्यात मोडतो, म्हणून त्या प्रतींच्या पायाशी झाडाचा बुंधा आला. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रोम-फ्लॉरेन्सला जाणाऱ्या धनिकांसाठी या प्रतींच्याही प्रती कोरल्या गेल्या. आपल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार ज्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथे ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रती बघून पिढ्यान्‌पिढ्यांनी हात तयार केला. प्रतीला कमी लेखायचं काही कारण नाही. प्रत 'अस्सल' म्हणून विकली जाते, तिथे मात्र सावध राहायचं.

आता बघायचं कसं ते सांगतो. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने धर आणि चेहरा सोडून कानामागे, काखेत, केसांच्या वळ्यांत बघ. कोरलेल्या दगडात तिथे छिन्नीचे ओरखडे आणि सामत्याच्या भोकांच्या खुणा राहतात. दगडाची भुकटी रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतलेल्या मूर्तीत बुडबुड्यांची टोचणी आणि सांध्याची बारीक रेघ सापडते. पहाटे हात ठेवून बघ. संगमरवर बराच वेळ गार राहतो, रेझिन लगेच ऊब धरतं. तळाशी नखाने ओरखडा उठला, तर तो संगमरवर नव्हेच, मऊ अलाबास्टर किंवा प्लास्टर. सगळीकडे सारखा पिवळेपणा दिसला तर संशय घे. वर्षानुवर्षांची धूळ डोक्यावर, खांद्यांवर, चुण्यांत कमीजास्त बसते.

घरी आणलीस तर देवाची पितळी भांडी घासतो तशी चिंच-लिंबाने घासू नकोस. आंबट लागलं की संगमरवराची झिलई कायमची जाते. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. शिवाय शिल्प खरंच शंभर वर्षांपलीकडचं निघालं, तर त्याला 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. नोंदणीचं आधी विचारून घे, आणि परदेशी पाठवायचा विचारही नको. पावतीवर वस्तूचं वर्णन आणि 'प्रतिकृती' हा शब्द लिहून घे.

त्याआधी एक सकाळ धुळ्यातल्याच राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात घालव. तिथली दगडी शिल्पं बघून छिन्नीची खूण डोळ्यांत बसू दे.

समोरून काढलेला फोटो मला नको. पाठीचा, तळाचा आणि कानामागचा पाठव. तोवर विसार देऊ नकोस.

तुझा,
मामा