एका पेशीच्या दोन

ड्रिलच्या बुटाने टाचेला आलेला फोड काही दिवसांत भरून येतो. तिथली नवी कातडी येते कुठून? आजूबाजूच्या पेशी विभागतात, एकीच्या दोन होतात. यालाच सूत्री विभाजन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून त्यात धागे पाहिले आणि १८८२ च्या ग्रंथात धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘मायटोसिस’ हे नाव दिले. आपल्या ‘सूत्री’तही सूतच आहे!

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावे सगळ्यांना पाठ असतात. मला त्यांतली मध्यावस्था सर्वांत आवडते. विभाजनाआधीच प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार झालेली असते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, कांद्याच्या पेशीत १६. ती सगळी आपापल्या जुळ्यासह पेशीच्या मधोमध रांगेत येतात आणि दोन्ही टोकांकडून आलेले तंतू त्यांना पकडतात. एखादे जरी सुटे राहिले तरी पेशी पुढे जात नाही. ‘दाहिने सज’नंतर उस्ताद शेवटच्या कॅडेटपर्यंत नजर टाकल्याशिवाय पुढचा हुकूम देत नाहीत, अगदी तसेच. ही तपासणी फसली तर एका पेशीत गुणसूत्र जास्त, दुसरीत कमी. कर्करोगाच्या पेशींत अशी बिघडलेली संख्या पुष्कळदा आढळते.

मग जुळी वेगळी होऊन दोन टोकांना जातात, त्यांच्याभोवती नवे केंद्रकावरण तयार होते. इथवर प्राणी आणि वनस्पती जवळजवळ सारखेच. (कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसते, तरी तंतू तयार होतात.) खरा फरक शेवटी पडतो. प्राण्याची पेशी मऊ, म्हणून बेल्ट आवळावा तशी ती मध्ये आवळत जाऊन तुटते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भिंत. ती आवळणार कशी? तिथे मधोमध बारीक पिशव्या जमतात, एकमेकींत मिसळतात आणि नवे पटल आतून बाहेर वाढत कडेच्या भिंतीला मिळते. परीक्षेत आकृती काढताना नेमके हेच ध्यानात ठेवा.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कांदा पाण्याच्या बरणीवर ठेवा. मुळे फुटली की टोकाचे फक्त एक-दोन मिलिमीटर घ्या, कारण विभाजन तिथेच चालते. ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की बहुतेक पेशींत नुसते गोल केंद्रक दिसेल. कंटाळू नका, काचपट्टी सरकवत राहा. रांगेत उभी गुणसूत्रे एखाद्याच पेशीत सापडतात.