खापरांची साक्ष : इतिहासाचा एक पाठ

ज्या लोकांना लिपीच ठाऊक नव्हती, त्यांची हकीकत कोठून मिळावी? ती बऱ्याच अंशी खापरांतून मिळते. धान्य, लाकूड, वस्त्र ही कुजून जातात. भाजलेली माती फुटते, परंतु नाहीशी होत नाही.

प्राचीन ग्रीक भांड्यांवर योद्धे, मल्ल व पाणी भरणाऱ्या स्त्रिया चितारलेल्या आढळतात. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या भांड्यांवर बहुधा रेषा व त्रिकोण यांचीच नक्षी असते. म्हणून येथे भांड्याची घडण आणि ते सापडले ती जागा यांनाच बोलते करावे लागते.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून त्या संस्कृतीस 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. ही भांडी चाकावर घडविलेली व खणखणीत भाजलेली आहेत. अशी सफाई रोजच्या सरावाने येते. अर्थात गावात कुशल कुंभार होता, आणि त्याला पुरेल असे धान्य इतर पिकवीत होते.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडास तोंड लावून, त्यांत लहान मुलांना पुरलेले आढळले. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात प्रौढ पुरुष बसविलेला होता. घर मोठे, शेजारी धान्याचे कोठार. यावरून तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क विद्वानांनी केला. इसवी सनपूर्व १००० नंतर भांडी ओबडधोबड झाली, घरेही लहान व गोल झाली. त्या वस्तीचे दिवस पालटले होते, हे यावरून उमगते.

पाठ घेताना शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा :

१. मुलांकडून माठ, पणती, परळ, खापराचा तवा अशी भांडी मागवावीत. कोणते चुलीवर चढते, कोणते पाणी गार ठेवते, हे काजळी व घडण पाहून ओळखू द्यावे. वर्गात कुंभाराचे मूल असल्यास त्याने माहिती सांगावी व इतरांनी ऐकावी.

२. फळ्यावर 'दिसले' व 'तर्क केला' असे दोन रकाने करावेत. रांजणातील मूल हे 'दिसले'. आईबापांची माया हा 'तर्क'.

३. सिल्लोडच्या शेजारी भोकरदन, म्हणजेच प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ मध्ये उत्खनन झाले, हे सांगावे. आपल्या परिसरातही इतिहास आहे, हे मुलांस पटते.

गावच्या पांढरीवर खापर दिसल्यास ते जागेवरच पाहावे. उकरू नये, उचलू नये. पांढरीची माती शेतात अथवा विटांसाठी नेली जाते, तेव्हा ही साक्षही तिच्याबरोबर जाते. इनामगावचे ते दोन रांजण कोणी कुतूहलाने घरी नेले असते, तर आज ते केवळ दोन रांजण उरले असते.