निसरड्या भूमीवर चेंडू कोणता घ्यावा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून एक चूक घडली, ती प्रथम सांगून टाकितो. सामन्यास तीनच दिवस उरले होते. मुले सकाळी सात वाजताच मैदानावर हजर झाली आणि आम्ही उत्साहाच्या भरात पेटीतला नवा कोरा सीझन बॉल त्यांच्या हाती दिला. हिरवळ दवाने चिंब होती. अर्ध्या तासातच चेंडूची चकाकी जाऊन कातडे काळवंडले आणि शिवण फुगली. मग आमच्या फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून तो असा काही निसटला की, टप्पा न पडताच फलंदाजाच्या खांद्यावर आदळला. इजा किरकोळ होती, परंतु सायंकाळी त्या मुलाची आई शाळेत आली व तिने विचारले, "सर, चेंडू हातातून सुटतो म्हणजे नेमके काय होते? आणि असा सुटणारा चेंडू मुलांच्या हाती देता कशाला?" तिच्या दुसऱ्या प्रश्नास आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. पहिल्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा दुसऱ्याचेही सापडले.

निरभ्र रात्री, वारा पडलेला असता, गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतात व हवेतील बाष्प त्यांवर थेंबरूपाने जमते. हेच दव. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पौष-माघातल्या सकाळी ते पुष्कळ पडते. त्यावरून चेंडू घरंगळला की त्यावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर चढतो. कोरड्या कातड्यावर बोटाची पकड बसते ती घर्षणामुळे. मध्ये पाणी शिरले की बोट कातड्यावर न टेकता पाण्यावरच सरकते. वेगवान गोलंदाजाचे एक वेळ निभावते. परंतु फिरकी गोलंदाजाची सारी विद्या बोट आणि शिवण यांच्या घर्षणात साठविलेली असते, म्हणून तो अगदीच निराधार होतो. दुसरी गोष्ट, कातडे पाणी पिते. क्रिकेटचा चेंडू म्हणजे बुचाचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेले सूत आणि वर कातडे. नियमाप्रमाणे मोठ्यांच्या चेंडूचे वजन सुमारे 156 ते 163 ग्रॅम असते. पाणी आत गेले की हे वजन वाढते, गाभ्यावरचे सूत सैल पडते व गोलपणा बिघडतो. तो पुढे वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही.

या जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे 1978 साली जन्मलेले झहीर खान यांचे नाव कोणास ठाऊक नाही? 2011 च्या विश्वचषकात त्यांनी 21 बळी घेतले व शाहिद आफ्रिदी यांच्याबरोबर ते त्या स्पर्धेत अग्रस्थानी राहिले. अंतिम सामन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्यांची पहिली 5 षटके अशी पडली: 3 निर्धाव, 6 धावा आणि 1 बळी. जुना चेंडू उलटा वळविण्यात त्यांचा हातखंडा होता. या कलेस चेंडूची एक बाजू खरखरीत व कोरडी लागते आणि दुसरी घासून गुळगुळीत ठेवावी लागते. दवाने दोन्ही बाजू सारख्याच ओल्या झाल्या की ही कला तेथेच संपते. मग झहीर खान असोत की आमच्या नववीतला मुलगा असो!

म्हणूनच मोठ्या सामन्यांतही चेंडूच्या निवडीचा विचार होऊ लागला आहे. कोलकात्यास 22 नोव्हेंबर 2019 रोजी भारतातील पहिला दिवसरात्र कसोटी सामना गुलाबी चेंडूने सुरू झाला, तेव्हा दवाचा त्रास कमी व्हावा म्हणून खेळ दुपारी एकलाच आरंभिला. आयपीएलमध्ये 2025 पासून सायंकाळच्या सामन्यात दुसऱ्या डावाची 10 षटके झाल्यावर गोलंदाजी करणाऱ्या पक्षास एकदा चेंडू बदलून मागता येतो. मात्र मिळतो तो नवा नव्हे, तितकाच वापरलेला. आम्हांस ही सोय न्याय्य वाटते. नाणेफेक हरल्यामुळे ओला चेंडू कोणाच्या वाट्यास यावा, हे काही कौशल्य नव्हे.

आता एक गंमत पाहा. टेनपिन बोलिंग नावाचा जो खेळ पुण्या-मुंबईच्या मॉलमधून दिसतो, त्यात भूमी मुद्दाम निसरडी करितात. गोलंदाज उभा राहतो त्या रेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत 60 फूट लांबीची ती पट्टी असते. तिच्या पुढल्या, साधारण 40 फुटांच्या भागावर तेलाचा थर देतात व शेवटचा भाग कोरडा ठेवितात. चेंडू 16 पौंडांपर्यंतचा. तेलावर तो नुसता सरकतो, आणि कोरड्या भागावर पकड मिळताच फिरकीच्या दिशेने वळून खुंट्यांत शिरतो. तेल फार असेल तर गुळगुळीत, चकचकीत प्लॅस्टिकचा चेंडू वळतच नाही. तेथे 1990 नंतर प्रचारात आलेल्या राळेच्या चेंडूंपैकी, सूक्ष्म छिद्रांचा व खरखरीत कागदाने घासून निस्तेज केलेला चेंडू घेतात. तो तेल शोषतो आणि त्याच्या खडबडीत अंगामुळे तेलाच्या थरातूनही भूमीची पकड मिळते. पट्टी कोरडी असेल तर हाच चेंडू वेळेआधीच वळून फुकट जातो; तेव्हा गुळगुळीत चेंडू बरा. म्हणजे तेथे शोषून घेणे हा गुण, आणि आपल्या सीझन बॉलच्या बाबतीत तोच दोष! कारण तेथे पकड हवी ती भूमीवर. येथे ती हवी बोटांत. पकड कोठे हवी, हे ठरल्यावाचून चेंडू ठरत नाही.

आमच्या शाळेत आता असे चालते. दव असलेल्या सकाळी सीझन बॉल पेटीतच राहतो. मुलांना रबरी चेंडू मिळतो. तो पाणी पीत नाही, व फडक्याने पुसताच पुन्हा कोरडा होतो. टेनिसच्या चेंडूवरील लव मात्र पाणी धरून ठेविते, म्हणून त्या वेळी तोही नको. ऊन वर येऊन हिरवळ वाळली, म्हणजे साधारण साडेनऊनंतर, कातड्याचा चेंडू काढावा. घरी चेंडू विकत घेऊन देणाऱ्या पालकांनी सरावासाठी स्वस्त चेंडू व सामन्यासाठी चांगला चेंडू असे दोन ठेविल्यास एकूण खर्च कमीच येतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी हलका चेंडू मिळतो, तोच मागावा.

सामना ओल्यातच खेळावा लागला तर पंचांनी मान्य केलेल्या फडक्याने चेंडू पुसण्यास नियमाची मुभा आहे. थुंकी लावण्यास मात्र आता बंदी आहे. खेळ संपल्यावर भिजलेला चेंडू चुलीजवळ अथवा उन्हात ठेवू नये, कातडे तडकते. कोरड्या फडक्याने टिपून तो सावलीत, वाऱ्याच्या जागी दोन दिवस ठेवावा. त्या सकाळचा आमचा चेंडू असाच वाळविला. तो अद्याप पेटीत आहे व झेलांच्या सरावास उपयोगी पडतो.